एकास बाराचा उतार

तेहेतीस वर्षं मी विमा कचेरीत दाव्यांच्या टेबलावर काढली. ‘अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहा’ या रकान्यात माणसं काय काय लिहितात, ते मी वाचलेलं आहे. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘म्हैस आपल्या बाजूनेच चालली होती, पण ऐन वेळी तिने विचार बदलला.’ तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून हसलो होतो. त्या गृहस्थांची आज मी जाहीर माफी मागतो. अपघात थोडक्यात लिहिता येत नाही, हे मला सिमेंटचा मिक्सर घेतल्यावर कळलं.

मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. काँक्रीट कालवायचा. दोन चाकांवर ढकलता येतो तो, पोटाला मोटर बांधलेला.

आता निवृत्त माणसाने सिमेंटचा मिक्सर का घ्यावा? तर तीन पायऱ्यांसाठी. आमचं रो-हाऊस चिकलठाण्याकडे. बिल्डरने जोतं चांगलं दीड फूट उंच घेतलं, का, तर घराला रुबाब येतो. तो रुबाब माझे सासरे तात्यासाहेब खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे येईपर्यंत खरंच छान दिसत होता. दवाखान्याच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून आत आणून ठेवलं, आणि त्यानंतर दोन महिने तात्यासाहेब घराबाहेर पडलेच नाहीत. चाकाची खुर्ची ते झकास चालवायचे. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. दारापाशी आले की थांबायचे आणि त्या तीन पायऱ्यांकडे बघत बसायचे.

एकदा शेजारचे साहेबराव तीन पोरं घेऊन आले. “तात्या, बसा खुर्चीत. चौघं चार कोपरे धरतो, हां हां म्हणता खाली.”

तात्यासाहेब म्हणाले, “मला चौघांनी उचलायची वेळ अजून आलेली नाही.”

पोरं चहा पिऊन परत गेली.

मग एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. तात्यासाहेब पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ओव्हरसियर होते. ते बोलावतात तेव्हा मी अजूनही हात मागे बांधून उभा राहतो. “जावईबापू,” ते म्हणाले, “दाराला उतार करून घ्या. एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत वाट बघतो. नाही झाला तर केयूर येईल. त्याचं चितेगावचं घर जमिनीसरशी आहे. एकदाच उचलून घेईन म्हणतो, आणि मग परत येणार नाही.”

केयूर म्हणजे माझा मेहुणा. चितेगावला त्याचा छोटा कारखाना आहे, आणि माझ्याविषयी त्याचं मत त्याहून छोटं आहे. पण प्रश्न केयूरचा नव्हता. माझ्या बायकोचा होता. सासूबाई गेल्या त्या केयूरच्या घरी, आणि अनसूया तेव्हा पैठण रोडला रिक्षात होती. वीस मिनिटांनी चुकामूक झाली. त्या दिवसापासून तिने एकच धोशा लावला होता, बाबा माझ्याजवळ राहतील. त्या सकाळी ती कणीक तिंबता तिंबता म्हणाली, “बाबा इथून गेले तर मी तुम्हाला दोष देणार नाही हं.” पस्तीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ मला पाठ झालेला आहे. पण मग ती कणकेचा हात तसाच ठेवून थांबली आणि म्हणाली, “पुन्हा मला रिक्षात बसून पोचायचं नाहीये हो.”

मी त्याच दिवशी मिस्त्री शोधायला निघालो.

कडूबा मिस्त्री समोरच्या गल्लीत स्लॅबचं काम करत होता. त्याने आमच्या पायऱ्या पाहिल्या, तंबाखू मळली आणि म्हणाला, “साहेब, एवढुशा कामाला कोन येतंय? माल कालवायलाच दोन मानसं लागतेत. त्यांचा अख्खा दिवस जातोय. मशीन असतं तर आलो असतो.”

हे वाक्य कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या साहेबरावांनी ऐकलं, आणि माझ्या आयुष्यातली म्हैस तिथे विचार बदलती झाली. साहेबराव मूळचे कन्नड तालुक्यातले. तिकडे शेती, इकडे कंपनीत नोकरी, त्यामुळे जमीन आणि यंत्र या दोन्ही विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. “काका, घेऊन टाका ना मशीन! लहानं मिळतंय, घरच्या विजेवर चालतंय. काम झालं की इकून टाका. लई सोपं हाय. आमच्या कंपनीत पोरंसोरं चालवू राहिले.”

मी मशीन घेतलं. किंमत सांगत नाही. अनसूयेलाही अजून सांगितलेली नाही.

टेम्पोवाला ते घेऊन आला तेव्हा दुपार टळली होती. “चचा, किधर उतारना?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “इधरच, पण जरा आहिस्ता.” त्याने ते आहिस्ता म्हणजे माझ्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर उतरवलं. नारिंगी रंगाचं, गुटगुटीत, तोंड वर करून बसलेलं ते यंत्र दारात उभं राहिलं आणि अर्धी गल्ली बाहेर आली. एखाद्याच्या दारात नवी मोटार आली तर लोक खिडकीतून बघतात. मिक्सर आला तर जवळ येऊन हात लावून बघतात, ठोकून बघतात, आत तोंड घालून ‘ओ’ करून बघतात.

अनसूयेने हळदकुंकू आणलं. ड्रमवर स्वस्तिक काढलं, हार घातला. इथपर्यंत ठीक होतं. मग साहेबराव म्हणाले, नारळ यंत्रावरच फोडायचा असतो. मी फोडला. नारळाचं पाणी नेमकं मोटरच्या झाकणाच्या फटीतून आत गेलं, आणि बटण दाबल्यावर मशीनने एक उचकी देऊन आमच्या ओळीतल्या चार घरांची वीज घालवली. समोरच्या आजोबांची मालिका ऐन निकालाच्या वेळी बंद पडली. त्यांनी मला अजून क्षमा केलेली नाही.

मोटर दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळत घातली. शेजारी कुरडया होत्या.

तिसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी विचारलं, “जावईबापू, उताराचं प्रमाण काय धरलंय?”

“प्रमाण म्हणजे... वरून खाली येईल असा.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे डोळे किती ठेकेदारांसमोर मिटले असतील कोण जाणे. “एकास बारा,” ते म्हणाले. “एक इंच उंचीला बारा इंच लांबी. त्याहून उभा केलात तर माणूस खाली जातो पण स्वतःच्या हाताने वर येत नाही. मला वर यायचंय.”

दीड फूट उंचीला अठरा फूट उतार! माझं अंगण दारापासून फाटकापर्यंत अकरा फूट. म्हणजे उतार आधी भिंतीच्या कडेने न्यायचा, मग काटकोनात वळवायचा, वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडायची. वळणाच्या जागी तुळशीवृंदावन. ते हलवायचं तर अनसूया दिवस बघणार. दिवस आठ दिवसांनंतरचा निघाला. शिवाय एवढं करूनही शेपटीचा दोन फूट तुकडा फाटकाबाहेर सोसायटीच्या रस्त्यावर येत होता.

आणि सोसायटी म्हटलं की इंद्रजीत. आमचा सचिव. वय बत्तीस, पण बोलणं सेवानिवृत्तीला आल्यासारखं. “काका, माझं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही,” तो म्हणाला. “पण सचिव म्हणून आहे. असा अर्ज आजवर कुणी केलेला नाही, त्यामुळे अर्जाचा नमुना नाही. नमुना समितीने मंजूर केला की तुम्ही अर्ज करा. सोबत मोजमापाचा नकाशा, जाणकाराच्या सहीने.”

नकाशा तात्यासाहेबांनी काढला. दोन तास लागले. पाटावर कागद, टोकदार पेन्सिल, आणि अनसूया मागे उभी राहून बघतेय. मी त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना दुपारी न झोपता पाहिलं. नकाशा असा देखणा झाला की इंद्रजीत त्याच्यावर सही-शिक्का नाही हे सांगायचंच विसरला. घरी गेल्यावर आठवलं, मग फोन केला.

तर अशा प्रकारे तुळस मुहूर्तावर अडली होती, अर्ज नमुन्यावर अडला होता, आणि मिक्सर कोरा करकरीत दारात उभा होता. रोज संध्याकाळी मी त्याला कापडाने पुसायचो. सोबत आलेल्या पत्रकात लिहिलं होतं की काम झाल्यावर ड्रम लगेच धुवावा, खडी आणि पाणी टाकून पाच मिनिटं फिरवावा, दातेरी चाकांना ग्रीस लावावं. काम झालंच नव्हतं, पण ग्रीस मी लावत होतो. माणसाने आपल्या बाजूने तयारी ठेवावी.

एके दिवशी साहेबरावांच्या आई, वच्छलाबाई, कुंपणापाशी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज अजून वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्याकडे कन्नडहून गहू आला होता. दरवर्षी येतो. अर्धी गल्ली त्यांच्याकडूनच वर्षाचा गहू घेते, आणि मग घरोघरी बायका चटईवर बसून गव्हाला एरंडेल चोळतात. कीड लागू नये म्हणून. पळीपळी तेल, पायलीपायली गहू, आणि संध्याकाळी सगळ्यांची मनगटं गेलेली.

“भाऊ,” वच्छलाबाई म्हणाल्या, “हे निस्तंच उभं हाय व्हय?”

“परवानगीसाठी थांबलोय.”

त्या ड्रममध्ये वाकल्या. हात फिरवला. बोटं हुंगली. “सिमिट नाय लागलेलं अजून. भाऊ, ह्यात गहू टाकला अन् वरून एरंडेल सोडलं तर?”

मी हसलो. विमा कचेरीतला अनुभव असा की, ‘टाकला तर’ या शब्दांनी सुरू होणारं वाक्य नेहमी दाव्यात संपतं. पण तोवर अनसूया गव्हाचा डबा घेऊन बाहेर आली होती.

काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटांत अर्धं पोतं गहू असा चकचकीत होऊन बाहेर पडला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक दाणा कोरडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझ्या दारात पोत्यांची रांग लागली. अकरा घरांचा गहू. मी बटणावर, वच्छलाबाई तेलावर. “भाऊ, जरा तिरकं करा. आता सरळ. बास, बास!” आयुष्यभर मी सहीचा अधिकार असलेला माणूस होतो. आता माझ्या सदऱ्याला कोपरापर्यंत एरंडेलाचा वास होता आणि इंद्रजीतची आई मला “अहो मिक्सरवाले” म्हणत होती. मी दुखावलो, पण गहू मात्र नीट फिरवला. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही मी.

एक गोष्ट झाली. इंद्रजीतच्या आईचा गहू झाला त्याच संध्याकाळी परवानगी आली. समितीच्या मंजुरीला अधीन राहून, ‘तात्पुरत्या स्वरूपाचा काँक्रीट उतार’. काँक्रीट तात्पुरतं कसं असतं ते मी विचारलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे नळाला पाणी कितव्या दिवशी येईल यावर लोक लग्नाची तारीख ठरवतात. इथला माणूस एक वेळ सोनं उसनं देईल, पाणी देणार नाही. पण गहू घेऊन जाताना एकेक बाई म्हणाली, “काका, तुमच्या कामाला एक पिंप आमच्याकडून.” अकरा पिंपं! मी ते ऐकून घरात गेलो आणि उगाच चष्मा पुसला.

आमच्या नळाला पाणी यायचा दिवस आणि शेवटचा रविवार एकच आला. तात्यासाहेबांची मुदत त्या दिवशी संपत होती. कडूबा पहाटेच आला, “मशीन हाय, तर मी बी हाय,” म्हणत. बरोबर त्याची बायको मनकर्णाबाई, हातात फावडं. आदल्या दोन दिवसांत त्याने दगड-मुरमाचा भराव ठोकून ठेवलाच होता. आता फक्त वरचं काँक्रीट. आठ घाणे लागतील असा हिशोब तात्यासाहेबांनी काढलेला.

तात्यासाहेब खुर्ची दाराच्या आत लावून बसले. इस्त्रीचा सदरा, टोपी, मांडीवर नकाशा. “सिमेंट, वाळू, खडी, एकास दोन चार,” ते ओरडले, “पाणी बेताचं!” कडूबाने पहिला घाणा टाकला. ड्रम फिरला, माल खाली आला. तात्यासाहेबांनी मान पुढे काढली.

“जावईबापू, काँक्रीटला एरंडेलाचा वास का येतोय?”

मी म्हणालो, हवेत असेल.

“त्यात गहू आहे.”

होता. चिमूटभरच, पण होता. मी ड्रम धुतला होता हो! पण पाखरांनासुद्धा सापडणार नाहीत अशा कोपऱ्यांत दाणे बसले होते. तात्यासाहेबांनी पहिला घाणा नापास केला. तो तुळशीच्या नव्या ओट्याखाली गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा. काम असं सुरेख चाललं की मी मनात म्हटलं, श्रीनिवास, तू उगाच आयुष्य कागदात घालवलंस. दारापासून वळणापर्यंत, वळणावरून फाटकापर्यंत उतार तयार होत गेला. कडूबा रंधा मारून माल सपाट करतोय, मनकर्णाबाई घमेली देतेय, तात्यासाहेब “लेव्हल! लेव्हल!” करतायत. शेवटचे तीन फूट राहिले. नापास झालेला धरून नववा, शेवटचा घाणा ड्रममध्ये फिरू लागला, तेव्हा साडेदहा वाजले होते.

कडूबा म्हणाला, “साहेब, आमी साहेबरावांच्या सावलीला दोन घास खाऊन येतो. तोवर मशीन बंद करू नका. फिरतंच राहू द्या. बंद केलं तर भरल्या पोटी उचलायचं नाय ते.”

मी म्हणालो, एवढं कळतं मला.

तेवढ्यात फाटकाशी केयूरची मोठी गाडी थांबली. पांढरे बूट, काळा चष्मा. त्याने गाडीला टेकून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी बोलला. मशीनच्या खडखडाटात मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. तो पुन्हा बोलला. हसला. पुन्हा ऐकू आलं नाही.

आणि मी मशीन बंद केलं. अपमान नीट ऐकू यावा म्हणून. दाव्याच्या फॉर्मवर हेच लिहावं लागेल मला, दुसरं काही खरं नाही.

तो म्हणत होता, “भावजी, या वयात नवीन धंदा का?”

मी म्हणालो, “धंदा नाही, उतार आहे.” वर आणखी चार गोष्टी सुनावल्या. त्याने सहा सुनावल्या. मग मी मानाने वळलो आणि बटण दाबलं. मशीनने ‘हुंऽऽ’ केलं. फिरेना. पुन्हा दाबलं. ‘हुंऽऽ’, आणि चार घरांची वीज गेली. समोरचे आजोबा बाहेर आले.

पुढचा दीड तास काय झालं ते सगळ्यांनी निरनिराळं सांगितलेलं आहे. साहेबराव म्हणाले, हाताने ड्रमला गती द्या. दिली, माझी पाठ धरली. इंद्रजीत वीज कुणी घालवली याची नोंद करायला वही घेऊन आला. कुणी म्हणालं फ्यूज, कुणी म्हणालं मोटर, आणि पाहुणा आलाय म्हणून अनसूयेने मागच्या दाराने सगळ्यांना पन्हं दिलं. एप्रिलचं ऊन. जेवून सावलीत डोळा लागलेला कडूबा उठून आला, ड्रममध्ये फावडं घातलं. ठण्ण आवाज आला.

“बसलं,” तो म्हणाला.

मी खाली बसलो. जमिनीवरच. समोर पंधरा फूट ओला, देखणा उतार, आणि शेवटचे तीन फूट नुसता मुरूम. तिथे अजून तीन इंचांचा खड्डा होता, चाकं अडकणारा. तात्यासाहेबांनी नकाशाची घडी घातली, खिशात ठेवली. अनसूयेने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

“चला बाबा,” केयूर हळूच म्हणाला. खरं सांगायचं तर त्याचाही चेहरा पडला होता.

तेव्हा मनकर्णाबाई उठली. पदर खोचला, साहेबरावांच्या कुंपणापाशी पडलेला पत्रा ओढत आणला आणि त्यावर वाळू, सिमेंट, खडी पालथी केली. मध्ये आळं केलं, पिंपातलं पाणी ओतलं आणि फावड्याने कडेकडेने माल आत ओढू लागली. “बघता काय? लागा की हाताला!” कडूबा लागला. साहेबराव लागले. मी लागलो, धरलेल्या पाठीने. इंद्रजीतने वही वच्छलाबाईंकडे दिली आणि घमेलं घेतलं. आणि केयूर, पांढऱ्या बुटांनी, चौथ्या घमेल्याला आला.

वीस मिनिटांत काम झालं. घड्याळ लावून सांगतो, वीस.

मनकर्णाबाई फावडं धुता धुता म्हणाली, “एवढ्याला मशीन काऊन आनलं हो साहेब?”

कडूबाने दुसरीकडे तोंड फिरवलं. अनसूया मात्र हसली, तिने मनकर्णाबाईला घरात नेऊन साडीचोळी दिली. मागच्या दाराने.

मागच्या दाराने का, ते लक्षात आलं का तुमच्या? आमच्या लक्षात तेव्हा आलं. पुढच्या दाराची एकुलती एक वाट आम्ही ओल्या काँक्रीटखाली गाडली होती. मागे स्वयंपाकघराचं दार, त्यापुढे हातभर बोळ आणि कमरेएवढी भिंत. भिंतीला इकडून स्टूल, तिकडून साहेबरावांचं पिंप. चालता माणूस कसाबसा जाईल, खुर्चीतला नाही.

केयूर म्हणाला, “काही हरकत नाही. चौघं उतारावरूनच उचलून—”

“खबरदार!” तात्यासाहेब गरजले. “ओल्या काँक्रीटवर पाय ठेवलेला मला चालत नाही. सात दिवस पाणी मारायचं. आणि पाणी मारून होईस्तोवर मी काम सोडून गेलेलो नाही. छत्तीस वर्षांत एकदाही नाही.”

केयूर माझ्याकडे बघत राहिला. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसलो. मग तो भिंतीवरून आत आला, पन्हं प्यायला, वडिलांजवळ अर्धा तास बसला आणि भिंतीवरूनच परत गेला. विजारीला चुन्याचा पट्टा घेऊन.

सात दिवस! घरोघरच्या पिंपांचं पाणी यायचं. उतारावर वच्छलाबाईंची गव्हाची रिकामी पोती पसरली होती, त्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी. तात्यासाहेब दारात बसून “तो कोपरा कोरडा आहे!” करायचे. मी भाजी आणायला, पेपर आणायला, दळण टाकायला भिंतीवरून जायचो. त्या वयात भिंतीवरून येणारा-जाणारा माणूस बघून गल्लीतल्या नव्या भाडेकरूने इंद्रजीतकडे तक्रार केली. इंद्रजीतने तिची नोंद घेतली.

मिक्सरचंही बघितलं. कडूबा आणि साहेबरावांनी मधले बोल्ट काढून ड्रमचे दोन भाग वेगळे केले. मला वाटलं घणाने फोडावं लागणार. पण एरंडेल ड्रमच्या अंगात असं मुरलं होतं की चार ठोक्यांत काँक्रीटचा गोळा साच्यातून मोदक निघावा तसा अख्खा खाली आला. ड्रमला ओरखडा नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, “बगा, नावं ठेवत होते तेलाला.” तो गोळा कुणाला हलवेना, म्हणून लोटत फाटकाबाहेर उताराच्या कडेला नेऊन बसवला. गाड्या उतारावर चढू नयेत एवढाच विचार.

आठव्या दिवशी संध्याकाळी पोती काढली. पोत्यांच्या शिवणींतून गव्हाचे हिरवे कोंब आले होते. तात्यासाहेबांनी ते पाहिलं, पण नापास वगैरे काही केलं नाही.

त्यांनी टोपी सारखी केली. अनसूया मागून खुर्चीला हात लावायला गेली, त्यांनी नुसती मान हलवली. तिने हात मागे घेतला. चाकं उंबऱ्यावरून उतारावर आली. दोन्ही तळव्यांनी चाकं धरत, सोडत, ते भिंतीच्या कडेने निघाले. वळणावर थांबले, खुर्ची फिरवली. शेवटचे तीन फूट आले, मनकर्णाबाईंच्या हातचे. खडखड झाली नाही. ते फाटकाबाहेर गेले. अडीच महिन्यांनी त्यांच्या अंगावर उघड्यावरचा वारा आला, आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अनसूयेने माझा दंड घट्ट धरला होता. ती रडत होती, आणि खरं सांगतो, मीसुद्धा.

वच्छलाबाई त्या काँक्रीटच्या गोळ्यावर ऐसपैस बसल्या होत्या. “या तात्या,” त्या म्हणाल्या. “लई दिवस लावले.” मग कन्नडकडचा पाट कुणी काढला आणि त्याचं पाणी कुणाच्या वावरात पोचलंच नाही, यावर दोघांचं जे भांडण सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत. तात्यासाहेबांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते आपल्या हाताने वर आले. धापा टाकत, मध्ये एकदा थांबून, पण आपल्या हाताने. दारात माझ्यासमोर खुर्ची उभी केली. पस्तीस वर्षांत या माणसाने माझं एकाही गोष्टीत कौतुक केलेलं नाही. माझ्या बढतीला ते “बरं” म्हणाले होते.

“उतार बरोबर आहे,” ते म्हणाले.

मी काही बोलणार तोच फोन वाजला. केयूर होता. सात दिवस पुरे झाले, येत्या रविवारी न्यायला येऊ का, विचारत होता. अनसूया स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक धरून उभी राहिली. तात्यासाहेबांनी फोन कानाला लावला, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या उताराकडे.

“ये की,” ते म्हणाले. “चहाला ये. आणि पुढच्या दाराने ये.”